संस्थानकाळातल्या बागेचं नूतनीकरण: जुनी झाडं जपून आराखडा कसा बदलून मागू?

उज्ज्वला_वॉर्ड7

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका आहे. आमच्याकडे संस्थानच्या काळातली साडेतीन एकरांची बाग आहे. मध्यभागी दगडी हौद, पूर्वेला विहीर, विहिरीपासून निघालेले चुन्यात बांधलेले पाट (आता मातीने बुजलेत) आणि फाटकापासून हौदापर्यंत बकुळीची दुहेरी रांग. पश्चिमेच्या भिंतीशी तीन चिंचा, एक ऐसपैस वड, एक गोरखचिंच, दोन कैलासपती. विहिरीजवळ आंबे आणि एक सोनचाफा. त्या चाफ्याची फुलं आजही पहाटे बायका देवीला नेतात.

बागेसाठी निधी मंजूर झालाय. सल्लागाराचा आराखडा आला. पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, संगीत कारंजं, सगळीकडे हिरवळ, खुली व्यायामशाळा, वडाभोवती ग्रॅनाइटचा पार, झाडांवर रंगीत दिवे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलंय, "एकही झाड तोडले जाणार नाही." तरी माझं मन निश्चिंत होत नाही. आमच्याच एका रस्त्यावर असंच सांगून गटाराचं काम झालं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कडेची मोठी चिंच उभ्या उभ्या वाळली.

पण बाग आहे तशी ठेवा, असंही मी म्हणू शकत नाही. दिवेलागणीनंतर तिथे काळोख असतो, बायका फिरकत नाहीत. स्वच्छतागृह नाही. पावसाळ्यात चिखल होतो, म्हाताऱ्या माणसांना काठी टेकवत नाही. सुधारणा हवीच आहे, मतं मागताना मी तसं सांगितलंही होतं.

गुरुवारी बैठक आहे. आराखड्यात नेमकं काय बदलून मागू? ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया सांगावं.

रोपवाटिका_कोरेगाव

ताई, ट्रॅकच्या आड येणारी झाडं मुळासकट उचलून भिंतीकडेला हलवता येतील. आजकाल पुनर्रोपणाची यंत्रं मिळतात. आराखडाही राहील, झाडंही राहतील.

मूळ_आणि_माती

उज्ज्वलाताई, मी बागांची रचना करतो आणि बरीच वर्षं माझं बहुतेक काम जुन्या बागांमध्येच चाललंय. पुनर्रोपणाचं आधी सांगतो. लहान, तरुण झाड नीट तयारी करून हलवता येतं. पण शंभरीच्या चिंचेची मुळं छाटून तिला ट्रेलरवर चढवलं तर ती जगण्याची आशा फार थोडी. तो मार्ग बैठकीत कोणी मांडला तर ठामपणे नाही म्हणा.

"एकही झाड तोडले जाणार नाही" हे वाक्य मी कितीतरी आराखड्यांत वाचलंय आणि बहुतेकदा ते अक्षरशः पाळलंही जातं. जुन्या बागेतली झाडं करवतीने क्वचितच जातात. ती जातात ट्रॅकच्या खोदाईने, बुंध्याशी घातलेल्या भरावाने, रोलरने दाबलेल्या मुरुमाने आणि रोजच्या पाण्याने. आणि मरतात दोन-चार वर्षांनी, बिल निघून गेल्यावर. तेव्हा वाळवी लागली, वय झालं असं सांगितलं जातं. तुमच्या रस्त्यावरच्या चिंचेचं हेच झालं असणार.

अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्या खूप बाहेर पसरतात. सोटमूळ खोल जातं एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं, त्यामुळे वरची फूटभर माती कोणाला मोलाची वाटत नाही. पेव्हर ब्लॉकच्या ट्रॅकला नेमकी तीच फूटभर माती काढावी लागते. मग खडी, मग रोलर. ट्रॅक बुंध्यापासून दहा फुटांवरून गेला तरी त्या बाजूची बरीचशी मुळं संपली.

म्हणून गुरुवारच्या आधी एक काम करा. मीटर टेप घेऊन बागेत जा आणि प्रत्येक मोठ्या झाडाचा छातीइतक्या उंचीवरचा घेर मोजा. त्याला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. व्यासाच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे त्या झाडाच्या मुळांची राखीव जागा. हा ब्रिटिश मापदंड आहे (बीएस 5837). त्यात ही त्रिज्या जास्तीत जास्त 15 मीटर धरतात. पण फार जुन्या, वयोवृद्ध झाडांना तिथले सरकारी वनसल्लागार व्यासाच्या 15 पट जागा द्यायला सांगतात, तीही कमाल मर्यादेशिवाय. आपल्याकडे हे कायद्याने बंधनकारक नाही. तरी सल्लागारासमोर बोलताना तुमच्या हातात एक आकडा असतो. समजा एका चिंचेचा घेर 4.7 मीटर भरला. व्यास झाला 1.5 मीटर, पंधरा पट म्हणजे साडेबावीस मीटर. 1.6 मीटर घेराच्या बकुळीला बारा पटीने साधारण 6 मीटर. ही सगळी वर्तुळं बागेच्या नकाशावर काढा. नकाशाचा मोठा भाग भरून जाईल आणि मध्ये मोकळे तुकडे उरतील. व्यायामशाळा, स्वच्छतागृह, खेळणी, जे काही खोदून बांधायचं ते त्या तुकड्यांत. जुन्या बागेचा आराखडा या क्रमाने व्हायला हवा. तुमच्या सल्लागाराने कोऱ्या साडेतीन एकरांवर चित्र काढलंय आणि झाडं नंतर ठिपक्यांसारखी टाकली आहेत. हे मी तो नकाशा न बघताही सांगू शकतो, कारण वडाभोवती ग्रॅनाइट सुचवणाऱ्याने वडाची मुळं पाहिलेली नसतात.

त्या पाराबद्दल. गावोगावचे जुने पार झाड लहान असताना बांधलेले असतात, रचीव दगडांचे, आत माती असलेले. झाड त्यात वाढत जातं. पूर्ण वाढलेल्या वडाच्या बुंध्याभोवती दोन फूट भर टाकून वर फरशी बसवली की साल ओलाव्यात कुजते आणि खालच्या मुळांची हवा तुटते. पार नको. बसायला सुटे दगडी बाक ठेवा, पाया न खणता. आणि पारंब्या! जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्याला लागतात म्हणून त्या छाटल्या जातात, मग लांब आडव्या फांद्यांना खालून आधारच उरत नाही. जिथे आधार हवा तिथली पारंबी माती-शेणखत भरलेल्या पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत आणा. ओल राखली तर ती जमीन धरते आणि पुढे खांब होते. हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातला प्रचंड वड असाच उभा आहे. 1864 आणि 1867 च्या चक्रीवादळांनी त्याला मोडलं, बुरशी लागली आणि 1925 मध्ये त्याचं मूळ खोड कापून काढावं लागलं. झाड पारंब्यांवर जगलं. त्याच्याभोवती 330 मीटरचा रस्ता बांधला होता, तोही ओलांडून ते बाहेर पसरलंय.

हिरवळीला भरपूर ऊन आणि रोज पाणी लागतं. दाट सावलीत ती विरळ होते, मग आणखी पाणी मारलं जातं. चिंच कोरडेपणावर वाढलेलं झाड. तिच्या बुंध्याशी बारमाही ओल राहिली की मुळकूज ठरलेली. चिंचांखाली पाचोळा राहू द्या. हिरवळ हवीच असेल तर हौदाच्या दक्षिणेला किंवा जिथे वर्तुळं पोचत नाहीत तिथे छोटा तुकडा करा.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. तुमच्या बागेचा मूळ नकाशा कोणाच्या दप्तरात मिळेल न मिळेल, पण तो जमिनीवर उभा आहे. बकुळीची दुहेरी रांग म्हणजे मुख्य वाट. विहिरीचे आंबे आणि चाफा पाटाच्या काठाने असणार, पाट कुठून कुठे जात होते ते त्यांच्यावरून कळेल. चिंचा पश्चिमेला आहेत त्या दुपारचं ऊन अडवायला. कोणीतरी पुष्कळ विचार करून हे लावलंय. नवी रचना त्या रेघांवरून जाऊ द्या. बकुळीमधली वाट न खोदता, आहे त्याच पातळीवर वाळूचा पातळ थर देऊन शहाबादी फरशीने सपाट करा, सांध्यात सिमेंट न घालता. पाणी मुरेल, काठी टेकेल, चाकाची खुर्चीही जाईल.

असं करून नवं काही घडत नाही हे खरं नाही. दिल्लीची सुंदर नर्सरी पाहा. नवी दिल्ली वसवताना तिथे लावायच्या झाडांची ती रोपवाटिका होती. मोहम्मद शाहीर यांनी तिची नवी रचना केली. 90 एकरांची ती जागा 2018 मध्ये लोकांना खुली झाली. पाण्याच्या पाटांचा लांब मध्यअक्ष पूर्णपणे नवा, धीट, आणि भोवती तीनशेहून अधिक जातींची झाडं.

आणि घरचं उदाहरण मुंबईची राणीबाग. 1862 पासूनचं वनस्पती उद्यान. 2007 च्या सुमाराला प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा मोठा आराखडा आला तेव्हा झाडांवर प्रेम करणारे नागरिक आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक उभे राहिले. त्यांनी बागेतल्या झाडांची जातवार नोंद लोकांसमोर ठेवली. गोरखचिंच कुठे, उर्वशी कुठे, कैलासपती कुठे. झाड नावानिशी नोंदलं गेलं की ते अडथळा राहत नाही, ते बागेचा ऐवज होतं. तो आराखडा मूळ रूपात पुढे गेला नाही. तुमच्याकडे साडेतीन एकरच आहेत, एका रविवारी यादी होईल. शाळेची मुलं बरोबर घ्या.

निवृत्त_उपअभियंता

वर लिहिलंय ते योग्य आहे. मी बांधकाम विभागात नोकरी केली, त्या बाजूने भर घालतो. ठेकेदार नकाशा फारसा पाहत नाही, अंदाजपत्रकातल्या बाबी पाहतो. जे बाबींमध्ये नाही ते जागेवर होत नाही.

झाडांभोवती कुंपण ही स्वतंत्र, पैसे मिळणारी बाब घाला, आणि ते उभं राहिल्याशिवाय मातीकाम सुरू करता येणार नाही अशी अट टाका. पत्रे किंवा बांबूचं पक्कं कुंपण हवं, नुसती लाल-पांढरी फीत दुसऱ्या दिवशी तुटते. वर्तुळांच्या आतली खोदाई "मजुरांकडून, हत्यारांनी" अशी लिहा आणि त्याचाच दर धरा. यंत्राचा दर धरलात तर जेसीबी येणारच, मग कितीही ओरडा. खडी-वाळूचे ढीग आणि काँक्रीट मिक्सर कुठे राहील ते नकाशावर दाखवा. मिक्सर धुतलेलं पाणी झाडाच्या मुळाशी सोडतात, त्याने मातीचा कस जातो. वीज आणि पाण्याच्या चऱ्या सगळ्यांच्या शेवटी, घाईत खणल्या जातात आणि सर्वांत जास्त मुळं त्यांनीच तुटतात. त्यांचा मार्ग आत्ताच ठरवून घ्या. दोषदायित्व कालावधीत (काम पुरं झाल्यावरही दोषांची जबाबदारी ठेकेदारावर राहते त्या काळात) झाडांचा उल्लेख करा आणि अनामतीचा काही भाग तीन वर्षं रोखून धरा. चिंच वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा तरी पैसा अडकलेला हवा.

कायद्याचं. 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम नगरपरिषदेलाही लागू आहे. त्यात झाड तोडणे या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. 2021 च्या सुधारणेने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. पाच वर्षांनी एकदा वृक्षगणना करणंही बंधनकारक आहे. बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा, बागेतली शेवटची वृक्षगणना कधी झाली आणि तिची यादी कुठे आहे.

उज्ज्वला_वॉर्ड7

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही सहाजणी टेप घेऊन गेलो. तिन्ही चिंचा चार मीटरच्या वर आहेत, सगळ्यांत मोठी 4.9. गोरखचिंचेला टेप पुरली नाही, साड्या वाळत घालायची दोरी लावून मोजली. वर्तुळं काढल्यावर ट्रॅकचा निम्म्याहून जास्त भाग आत आला.

दोन अडचणी आहेत. एक म्हणजे काही सदस्य म्हणतात, कैलासपती आणि गोरखचिंच परदेशी आहेत, ती काढून देशी झाडं लावू. दुसरी जास्त गंभीर. मागच्या पावसाळ्यात मधल्या चिंचेची मोठी फांदी पडली. कोणाला लागलं नाही, पण तेव्हापासून तिला धोकादायक म्हणतात. तिच्या बुंध्यात ढोली आहे, राघू असतात. ती सिमेंटने भरून टाकावी अशी सूचना आली आहे. मला माणसांच्या जिवाची जोखीम घ्यायची नाही.

रिचमंडकर

मी मूळची सांगलीची, आता लंडनजवळ क्यू उद्यानाच्या शेजारी राहते. तिथल्या एका झाडाची हकीकत तुम्हाला बैठकीत उपयोगी पडेल. 1798 मध्ये लावलेला टर्नरचा ओक म्हणून एक वृक्ष आहे. 1980 च्या दशकात तो खंगत चालला होता. ऑक्टोबर 1987 च्या मोठ्या वादळाने तो मुळांच्या गड्ड्यासकट उचलला आणि परत त्याच जागी बसवला. उद्यानात शेकडो झाडं पडली होती, म्हणून याला टेकू देऊन शेवटी बघू असं ठरलं. तीन वर्षांनी बघतात तर तो कित्येक वर्षांत वाढला नव्हता तसा वाढलेला. लोकांच्या पायांनी वर्षानुवर्षं दडपून घट्ट झालेली माती वादळाने मोकळी केली होती. तेव्हापासून क्यूमध्ये जुन्या झाडांखालची माती हवेच्या दाबाने सैल करतात आणि त्यावर पाचोळ्या-ढलप्यांचं आच्छादन घालतात. बुंध्याशी माणसं उभी राहू नयेत म्हणून गवत न कापता मोठं वर्तुळ सोडलेलं असतं. कुंपणाची गरज पडत नाही, लोक आपोआप वळसा घालतात.

मूळ_आणि_माती

रिचमंडकर, हे फार बरं लिहिलंत. आपल्याकडे हवेचं यंत्र तालुक्याच्या गावी मिळणार नाही, पण लोखंडी पहारीने फूटभर खोल, मुळं चुकवत भोकं पाडून त्यात कुजलेलं शेणखत भरलं आणि वर पाचोळ्याचा चार बोटं थर दिला तरी बराच फरक पडतो. काम पावसाच्या तोंडावर करा. पाचोळा खोडाला मात्र टेकवू नका, वीतभर लांब ठेवा.

उज्ज्वलाताई, परदेशी झाडांबद्दल. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, गोरखचिंच आफ्रिकेची, आणि चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेचीच. तोच नियम लावला तर तुमची पश्चिमेची भिंत उघडी पडेल. दूरदेशीची झाडं आणून वाढवणं हा त्या काळच्या बागांचा अभिमान होता, तो इतिहास त्या झाडांत आहे. देशी झाडं नव्या लागवडीत जरूर लावा. आत्ताच बकुळीच्या रांगेतल्या रिकाम्या जागा बकुळीनेच भरा, त्याच झाडांच्या बियांची रोपं करून. जुनी जातील तेव्हा पुढची पिढी वीस-पंचवीस वर्षांची झालेली हवी.

ढोलीत सिमेंट अजिबात नको. जगभर हे पूर्वी करत आणि आता सोडून दिलंय. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. मध्ये फट पडते, तिथे पाणी साचतं आणि कूज आत जाते. पोकळ बुंधा म्हणजे पडायला आलेलं झाड असंही नाही. बाहेरचा निरोगी लाकडाचा कडा पुरेसा जाड असेल तर पोकळ झाड वर्षानुवर्षं ताठ उभं राहतं. तो कडा किती उरलाय हे जाणकार माणूस तपासून सांगू शकतो, कृषी विद्यापीठ किंवा वनविभागाकडून त्याला बोलवा आणि लेखी अहवाल घ्या. तुमची काळजी रास्त आहे, तिला अंदाजाने उत्तर देऊ नये. वाळक्या आणि जड फांद्या पावसाळ्याआधी काढा, पण फांदी जिथून फुटते तिथला फुगीर कडा न कापता. बुंध्याला चिकटून सपाट कापलेली जखम झाडाला झाकता येत नाही. डांबर, रंग काही लावू नका.

त्याहून सोपा उपाय नकाशात आहे. धोका होतो फांदी आणि माणूस एकाच जागी आल्यावर. आराखड्यात व्यायामशाळा नेमकी चिंचांखाली दाखवली असेल (सावलीसाठी दाखवतातच), तर ती हलवा. चिंचांच्या सावलीत वाट, बाक, खेळणी काहीच नको. तिथे गुडघाभर उंचीची झुडपं लावा, लोक आत जाणार नाहीत. राघूंनाही निवांतपणा.

दिव्यांचं राहिलं. वाटेच्या कडेला खाली उजेड टाकणारे दिवे हवेत, बायकांना वाट आणि समोरून येणारा माणूस दिसेल इतके. झाडांना तारा गुंडाळू देऊ नका, खिळे ठोकू देऊ नका. रंगीत झोत खालून वर मारले की घरटी ओस पडतात.

माळ्याचा_नातू

माझे आजोबा अशाच एका संस्थानी बागेत माळी होते. पाटाच्या पाळ्या ठरलेल्या असत, आंब्याला मोहोर धरताना पाणी पूर्ण तोडायचं, फळ वाटाण्याएवढं झालं की परत सुरू. पाचोळा कधीच जाळला नाही, कोपऱ्यातल्या खड्ड्यात जाई आणि पुढच्या वर्षी आळ्यात परत येई. तुमचे पाट उघडणार असाल तर एक सांगतो, आत आंब्याची मुळं शिरलेली असणार. मनगटाएवढं मूळ दिसलं की तिथे थांबा. तेवढ्या अंतरात पाट बुजलेलाच राहू द्या आणि पाणी मुळावरून पाइपने पलीकडे न्या. पाट अखंड दिसावा म्हणून मूळ तोडू नका.

उज्ज्वला_वॉर्ड7

बैठक झाली. वर्तुळांचा नकाशा भिंतीवर लावला होता. मुख्याधिकाऱ्यांनी तो दहा मिनिटं पाहिला आणि सल्लागाराला ट्रॅक नव्याने आखायला सांगितलं. ग्रॅनाइटचा पार रद्द झाला. व्यायामशाळा उत्तरेच्या मोकळ्या तुकड्यात गेली, स्वच्छतागृह फाटकाशी. कुंपण आणि हाताने खोदाई या बाबी अंदाजपत्रकात येतील. वृक्षगणनेची यादी कोणालाच सापडली नाही, ती आता शाळेच्या मुलांकडून करून घ्यायचं ठरलं. संगीत कारंज्यावर अजून वाद आहे. अध्यक्षांना ते हौदातच हवंय. पंपघरासाठी हौदाच्या पूर्वेला खोल खड्डा दाखवलाय, तिथून चाफा सात मीटरवर आहे. चाफ्याचा घेर दीड मीटर भरला. यावर काय म्हणू?

मूळ_आणि_माती

दीड मीटर घेर म्हणजे व्यास 48 सेंटिमीटर, बारा पटीने पावणेसहा मीटर. कागदावर खड्डा जेमतेम बाहेर पडतो, पण खड्ड्याच्या कडा ढासळतात, माती टाकायला जागा लागते आणि सोनचाफा मुळांना धक्का लागलेला फार सोसत नाही. मी तिथे खड्डा करू देणार नाही. पंपघर जमिनीखाली हवंच असं नाही. ते विहिरीच्या जुन्या मोटेच्या थारोळ्याजवळ (मोटेचं पाणी पडायची दगडी जागा), आंबे आणि चाफा नाहीत त्या बाजूला, जमिनीवर बसवा आणि पाइप बुजलेल्या पाटाच्या पन्हळीतूनच हौदापर्यंत आणा, नवी चरी न खणता. यात अध्यक्षांना कारंजं मिळतं आणि पाटही पुन्हा पाणी वाहू लागतो. विहिरीच्या पाण्याची क्षारांची तपासणी आत्ताच करून घ्या. खारं निघालं तर ते पाणी हौदातच फिरवा, आंब्यांना देऊ नका.